पाठक बाईंचं आडनाव

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतलं घर, रविवारची दुपार, तांबडा-पांढरा ओरपून झालेला. अशा वेळी मामा टीव्हीसमोर बसतात ते डुलकी काढायला नव्हे. मांडीवर दोनशे पानी वही, कानामागे पेन्सिल आणि पडद्यावर ‘तुझ्यात जीव रंगला’. झी मराठीवर ही मालिका ३ ऑक्टोबर २०१६ ला सुरू झाली आणि २ जानेवारी २०२१ ला संपली. हजाराहून जास्त भाग झाले. मामांची ही तिसरी फेरी. चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेत, तरुणपणी तालमीच्या लाल मातीत लोळलेत. त्यामुळे वेळही आहे आणि नजरही.

भाची मुंबईहून सुट्टीला आली होती. ती मालिकांच्या सेटवर दिग्दर्शनात सहायक असते (या मालिकेशी तिचा काही संबंध नव्हता) आणि तिच्याकडे कंटिन्युइटीचं काम असतं. मालिका सलग चित्रित होत नाही. स्वयंपाकघरातले चार वेगवेगळ्या दिवसांचे प्रसंग एकाच सकाळी उरकतात, अंगणातले दुपारी. दाराबाहेरची बाई सोमवारी चित्रित होते आणि तीच उंबरा ओलांडून आत येते गुरुवारी. तिचा पदर त्याच खांद्यावर, कुंकू त्याच आकाराचं, कपातला चहा तेवढाच असावा, यावर कुणाची तरी नजर लागते. भाची प्रत्येक शॉटनंतर मोबाइलवर फोटो काढून ठेवते आणि पुढच्या शॉटआधी ताडून बघते.

तिची स्वतःची कंटिन्युइटी मात्र कऱ्हाड सोडलं की तुटते. मुंबईत ‘मी आले, मी जाते’ म्हणणारी ही पोरगी कोल्हापुरात उतरली की ‘मी आलो, मी जातो’ म्हणायला लागते. इथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या असंच बोलतात.

वाद पेटला वहीवरून. मालिकेचा नायक राणादा, त्याच्या तोंडचं ‘चालतंय की’ अख्ख्या महाराष्ट्रात गाजलं, पण कोल्हापूरला ते मालिकेनं दिलेलं नाही. ते इथल्या रस्त्यावरूनच मालिकेत गेलं. मामा त्याचे प्रकार नोंदवत होते. मनापासून होकार देणारं ‘चालतंय की’. पटलेलं नसताना भांडण टाळणारं ‘चालतंय की’. आणि समोरच्याचं बोलणं तिथंच तोडणारं, किंचित खालच्या सुरातलं ‘चालतंय की’. मामांचं म्हणणं असं, की राणादाचा सगळा स्वभाव या तीन सुरांत आहे.

भाचीनं वही चाळली आणि हसली.

“मामा, एखादं वाक्य गाजलं की ते पुढं घालतच राहतात. संवाद लिहिणाऱ्यानं ते कधी मध्यरात्री लिहिलेलं असतंय, नटाला पान हातात पडतंय सकाळी. सूर खालचा लागला तर तो कदाचित दमलेला असंल. तुम्ही त्यात स्वभाव बघालाय.”

“ढाक मारताना पैलवान विचार करतोय व्हय?” मामांनी वही परत घेतली. “विचार करत बसला तर तोच पाठीवर पडंल. हात आपोआप जातो. पण बघणारा म्हणतो, बघ, समोरच्याचा तोल डावीकडं गेल्यालं यानं हेरलं. आता मला सांग, डाव होता का नव्हता?”

“पण तिथं अंग एकाचंच असतंय. इथं लेखक एक, नट एक, मागं वाजणारं संगीत तिसऱ्याचं, कापाकापी चौथ्याची. आणि कुणालाच दुसऱ्याच्या मनातलं ठाऊक नसतंय.”

“मग चौघांनी मिळून केलं म्हण. एकट्यानं केलं असं मी कुठं म्हणालो?”

मामांच्या या युक्तिवादामागे कोल्हापूरची एक जुनी सवय आहे. शाहू महाराजांचं खासबाग मैदान १९१२ चं. मधोमध हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक, म्हणजे अगदी मागच्या माणसालाही पैलवानाचे पाय दिसावेत. पायच दिसायला हवेत, कारण कुस्ती पायांत असते. मालिकांमधल्या कुस्त्यांबद्दल मामांची तक्रार हीच: हलगी कडाडते, माती उडते आणि नेमका डाव लागायच्या क्षणी कॅमेरा जातो तोंडावर. तर त्या मैदानात जे घडलं ते पुन्हा बघायची सोय नव्हती. ते कट्ट्यावर पुन्हा सांगावं लागे, आणि सांगता सांगता बारकावे वाढत. श्रीपती खंचनाळे १९५९ मध्ये दिल्लीत पहिले हिंदकेसरी झाले. मामांच्या वडिलांनी ती कुस्ती पाहिलेली नव्हती, तरी ते ती डावासकट सांगत आणि ऐकणारे मधेच थांबवून विचारत, “तवा उजवा पाय कुठं होता?” रिमोट येण्याआधीचं हे मागं घेऊन बघणंच म्हणायचं.

साहेबाच्या देशातही हा नाद आहे, आणि तिथं तो फार गंभीर चेहऱ्यानं केला जातो. शेरलॉक होम्सच्या १८८७ च्या पहिल्या कादंबरीत डॉ. वॉटसनला युद्धात गोळी लागलेली आहे ती खांद्याला. १८९० च्या दुसऱ्या कादंबरीत जखम पायावर गेली. कॉनन डॉयल विसरले, एवढंच. पण १९११ मध्ये रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका तरुण विद्वानानं ऑक्सफर्डमध्ये निबंध वाचला आणि धर्मग्रंथांचे पाठभेद तपासावेत तशा थाटात या कथांमधल्या विसंगती तपासल्या. थट्टाच होती ती. तिच्यातून पुढं एक खेळच सुरू झाला: लेखकाची चूक ही चूक मानायचीच नाही, तो पुरावा मानायचा आणि त्याचा अर्थ लावायचा. वॉटसनची गोळी नक्की कुठं लागली यावर लोक अजून भांडतात.

भाचीला हा खेळ मान्य नव्हता, आणि तिचा मुद्दा हलका नव्हता. “कुस्तीत पाठ मातीला लागते, मामा. चितपट झाली की सगळ्या मैदानाला दिसतंय. तुमच्या वहीत चितपट कुठाय? उद्या मी दोन शॉटमध्ये पाण्याचा पेला कमीजास्त ठेवला, तर त्याचाही अर्थ लावाल तुम्ही.”

“लावीन की.”

“तेच म्हणतो मी. मग चूक म्हणून काही राहिलंच नाही.”

आणि मग तिनं बरेच दिवस मनात ठेवलेली गोष्ट सांगितली. एका मालिकेत, नाव जाऊ दे, सासूचा प्रसंग होता. पहिल्या शॉटमध्ये तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. जवळून घेतलेल्या शॉटच्या वेळी बांगड्यांची किणकिण संवादावर यायला लागली, म्हणून ध्वनिमुद्रण करणाऱ्यानं त्या काढायला सांगितल्या. हात चौकटीत येणार नाहीत असं ठरलं होतं. पण नटीनं बोलता बोलता हात कपाळाला लावला. शॉट चांगला गेला, वेळ संपत आली होती, आणि भाचीच्या ध्यानात आलं तेव्हा दिवे विझले होते. भाग तसाच गेला. पुढच्या भागात त्या सासूचा नवरा वारला.

काही महिन्यांनी एका लग्नात एक बाई भेटल्या. ही मालिकेत काम करते हे कळल्यावर त्यांनी हिचा हात धरला. म्हणाल्या, “तुम्ही लोक किती विचार करता हो! नवरा जाणार हे त्या बिचारीला ठाऊक नव्हतं, पण हात आदल्या दिवशीच मोकळे झाले होते. मी दोनदा बघितला तो भाग.” त्यांचे स्वतःचे हातही मोकळे होते.

“आणि मी ‘हो’ म्हणालो,” भाची म्हणाली. “विचार करूनच केलं म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? आवाज येत होता म्हणून काढल्या, आणि मी बघायला विसरलो, असं म्हणणार होतो?”

मामांनी टीव्ही थांबवला. राणादा तोंड अर्धवट उघडं ठेवून पडद्यावर अडकून पडला.

“त्या बाईंचं बघणं खरं होतं,” ते म्हणाले. “तुझं ‘हो’ खोटं होतं.”

“म्हणजे सांगायला हवं होतं?”

“हां. आवाजासाठी काढल्या म्हणून सांगायचं. आणि मग म्हणायचं, पण तुम्ही म्हणता ते आता मलाही दिसालंय. दिसलं का नाही तुला?”

भाची गप्प बसली. दिसलं होतं. त्या लग्नानंतर तिनं तो भाग पुन्हा काढून बघितला होता आणि स्वतःच्या चुकीवर तिच्या अंगावर काटा आला होता. तिचा पेच तोच होता: चूक तिची, काटाही तिचाच.

“सांगितलं असतं तर त्यांची मजा गेली असती,” ती म्हणाली.

इथं मामांनी बाबूराव पेंटर काढले. कोल्हापुरात कुठलाही वाद दोन तास चालला की बाबूराव पेंटर निघतातच, आणि चित्रकलेचा मास्तर असल्यावर तर लवकर निघतात. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट १९२० चा. त्यातला कीचकवध लोकांना इतका खरा वाटला, की तो प्रसंग कापावा लागला. “आता धडावेगळं झालेलं डोकं खोटं आहे हे बघणाऱ्याला काय ठाऊक नव्हतं? युक्ती आहे हे माहीत असून लोक घाबरले. माहिती असली म्हणून डोळा मरत नाही. तू उगंच त्या बाईंना कच्चं समजलीस.”

हा दाखला भाचीला पुरता पटला नाही, आणि लिहिणाऱ्यालाही पुरता पटत नाही. कीचकाचं डोकं मुद्दाम केलेलं होतं. बांगड्या अर्थासाठी काढलेल्या नव्हत्या. केलेली युक्ती कळणं वेगळं आणि युक्ती नव्हतीच हे कळणं वेगळं. दुसऱ्यात बघणारा एकटा पडतो. पलीकडून कुणीतरी आपल्याशी बोलत होतं असं त्याला वाटत असतं, आणि पलीकडं कुणीच नव्हतं असं निघतं. त्या बाई ज्या अवस्थेत होत्या त्यात हे ऐकणं सोपं गेलं नसतं. तरीही मामांच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग, ‘आता मलाही दिसालंय’, हा त्या एकटेपणावरचा खरा उतारा आहे. आधी कुणी बोलत नव्हतं, आता दोघं एकाच ठिकाणी बघतायत.

भाचीनं मग डाव उलटवला. “बरं, २०२० मध्ये वहिनीसाहेब बदलल्या. धनश्री काडगावकर गेली, माधुरी पवार आली. अख्खा चेहरा बदलला, वहीत एक ओळ नाही तुमच्या. आणि कुणी ‘करायलायस’च्या जागी ‘करतोयस’ म्हणालं की तुम्ही रिमोट आपटता. हा कुठला न्याय?”

मामांना हसू आलं, कारण हे खरं होतं. मालिका बघणारा समाज या बाबतीत चमत्कारिक आहे. वहिनीसाहेबांचा, म्हणजे नंदिताचा, नवा चेहरा तो आठवड्याभरात पचवतो. राणादासारखाच दिसणारा राजा राजगोंडा येतो, तोही पचवतो. पण बोलीतला एक शब्द घशात अडकतो.

“चेहरा बदलला तो आम्हाला सांगून बदलला,” मामा म्हणाले. “आम्ही ‘चालतंय की’ म्हणालो. पण बोली आमच्या घरातली आहे. ती चुकली की वाटतं, यांनी आमचं नीट बघितलंच नाही. आम्ही त्यांचं हजार भाग बघायचं आणि त्यांनी आमचं एक वाक्य बघायचं नाही व्हय?”

दुपारभरातलं हे सगळ्यात वजनदार वाक्य होतं, आणि भाचीनं त्याला उत्तर दिलं नाही. चाहत्याच्या खुसपटामागं काय असतं हे तिला सेटवर कुणी असं सांगितलं नव्हतं. तिथं अशा माणसाला ‘चुका काढणारा’ म्हणतात.

संध्याकाळी चहाला विषय निघाला पाठक बाईंचा. अंजली पाठक, शाळेत शिकवणारी. राणादाशी लग्न होऊन गायकवाडांच्या घरात गेली. पण प्रेक्षकांच्या तोंडी ती शेवटपर्यंत पाठक बाईच राहिली. २ डिसेंबर २०२२ ला या दोन भूमिका करणाऱ्या हार्दिक जोशी आणि अक्षया देवधर यांचं पुण्यात खरोखर लग्न झालं, तेव्हाही बातम्यांत राणादा आणि पाठक बाई हीच नावं. म्हणजे मालिका संपून दोन वर्षं होत आली, गोष्टीतलं लग्न होऊन त्याहून जास्त, आता खरं लग्नही लागलं, तरी माहेरचं आडनाव आणि मास्तरीणपणाचं ‘बाई’ दोन्ही जागच्या जागी.

“हे कुणी लिहिलं?” मामांनी विचारलं.

“कुणीच नाही. तोंडात बसलं म्हणून राहिलं.”

“आमच्या तोंडात बसलं. म्हणजे आम्ही लिहिलं. या पेठेत लग्नानंतर पोरीचं आडनाव दुसऱ्या दिवशी बदलतं, आणि याच पेठेनं हिचं बदलू दिलं नाही. आता हे चुकून झालं म्हणून याला अर्थ नाही म्हणतीस?”

भाचीनं पेन्सिल मागून घेतली. वहीत ‘अर्थ’ असा एक रकाना होता. तिनं शेजारी रेघ मारून दुसरा आखला आणि वर लिहिलं: ‘कारण’. मामांनी बघितलं, नाक मुरडलं, पण खोडलं नाही. रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसनं ती मुंबईला गेली.

एक गोष्ट मात्र दोघांनीही वादाला न घेता मान्य केली होती. मालिकेतला गायकवाडांचा वाडा वसगड्याचा, करवीर तालुक्यातला (सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातही एक वसगडे आहे, तिकडं जाऊन फसू नये). मालिका जोरात असताना लांबलांबून लोक तो बघायला यायचे. मामाही एकदा गेले होते. पडद्यावर दिसतं त्यापेक्षा सगळं लहान वाटलं, असं ते सांगतात. कुणी अजून जाणार असेल तर खुशाल जावं, चौकट नि चौकट न्याहाळावी, हवे ते अर्थ लावावेत. आत पाऊल टाकण्याआधी मात्र घरच्यांना विचारावं.