नमस्कारांची संख्या

जालना जिल्ह्यांतील घनसावंगी तालुक्यांत जांब हें गांव आहे. इ. स. १६०८ मध्यें समर्थ रामदासांचा जन्म तेथें झाला. पुढें नाशिकजवळ टाकळीस त्यांनीं बारा वर्षें तप केलें व ते रोज १२०० सूर्यनमस्कार घालीत, असें परंपरा सांगते. ह्या आंकड्याच्या ऐतिहासिकतेची चर्चा आम्हांस येथें कर्तव्य नाहीं. बलोपासनेविषयींचा आदर मराठी घरांत किती खोल गेला आहे, एवढेंच त्यावरून पाहावयाचें. मन बिघडलेल्या माणसास 'ऊठ, चार नमस्कार घाल' असें आपण सहज सांगतों, तें ह्याच आदरापोटीं. सांगणाऱ्याचा हेतु वाईट नसतो. परंतु व्यायामास एकदां औषध म्हटलें, कीं तो न करणाऱ्या रोग्याकडे आपण कोणत्या नजरेनें पाहूं लागतों?

उन्माद व विषाद ह्या दोन टोकांमध्यें माणसास फिरविणारा जो विकार, ज्यास आज बायपोलर म्हणतात, त्यांत हा प्रश्न फार बिकट होतो. विषादाच्या दिवसांत अंथरुणावरून पाय खालीं टाकणें हेंच डोंगराएवढें असतें. जी इच्छाशक्ति रोगानेंच खाल्ली, तिचाच काढा रोग्यास पाजूं पाहणें म्हणजे पांगळ्यास 'वैद्याकडे चालत जा' म्हणणें होय. व्यायामानें साधा विषाद हलका होतो, ह्यास चांगला आधार आहे. बायपोलर विकारापुरता तो आधार अद्याप तोकडा आहे. १९४९ सालीं ऑस्ट्रेलियांत जॉन केड यांनीं लिथियमचा गुण दाखविला, तेव्हांपासून ह्या रोगाच्या उपचाराचा पाया औषधांवरच आहे. मात्र ह्या रोग्यांस हृदयविकार इतरांहून अधिक होतो व कांहीं औषधांनीं वजन वाढतें. तेवढ्यासाठीं तरी व्यायाम हवाच.

दुसऱ्या टोकाची गोष्ट उलटी. पहाटे चार वाजतां उठून कोणी शंभर नमस्कार घालूं लागतो. आठवड्यानें तीनशें होतात, झोप तीन तासांवर येते, आणि घरांत आनंदीआनंद असतो, कीं पोरगा मार्गीं लागला! आमच्या मतें ही स्थिति अधिक धोक्याची, कारण येथें रोग सद्गुणाचा वेष घेऊन येतो आणि आपण त्यास ओवाळतों. त्यांत जालन्याचा वैशाख. घामानें अंगांतील पाणी व मीठ घटलें आणि तें भरून निघालें नाहीं, तर रक्तांतील लिथियम विषारी पातळीस जाऊं शकतें. ही साधी गोष्ट घरोघर ठाऊक असावयास हवी, आणि नसते.

शिवाय, घाम हेंच औषध असतें, तर मंठा-घनसावंगीकडून दर वर्षीं कोयता घेऊन ऊसतोडीस जाणाऱ्या माणसांस हा रोग शिवला नसता. त्यांच्या श्रमांस आपण व्यायाम म्हणत नाहीं, तें योग्यच आहे. कारण त्यांची झोप फडावर गाडी केव्हां लागेल ह्यावर ठरते. अमेरिकेंत पिट्सबर्ग येथें एलेन फ्रँक व त्यांचे सहकारी यांनीं ह्या रोगावर जी पद्धति बसविली, तींत भर निजण्या-उठण्याच्या, जेवण्याच्या, माणसांत मिसळण्याच्या ठराविक वेळांवर आहे. तेव्हां बारा नमस्कार रोज त्याच घटकेस घालणें हें तीनशें नमस्कारांहून मोलाचें ठरेल, असें आम्हांस वाटतें.

पण तीनशेंवर गेलेल्यास थांबवावयाचें कोणीं? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें माणसास, तो बरा असतां, आपल्यावर कोणते उपचार व्हावेत वा होऊं नयेत हें लिहून ठेवण्याचा अधिकार दिला आहे. बऱ्या दिवसांतील 'मी' नें आजारी दिवसांतील 'मी' साठीं बोलावें, ही कल्पना आम्हांस फार मानवी वाटते. मात्र निर्णय करण्याची क्षमता गेली तरच तो लेख लागू होतो. तीनशें नमस्कार घालणाऱ्याची ती क्षमता बहुधा शाबूत असते. उलट 'आजच मी खरा आहें, तो खाटेवरचा मी नव्हे' असें तो म्हणतो, आणि त्याचें म्हणणें खोडून काढणें सोपें नसतें. त्या पहाटे घरच्यांच्या हातीं कायदा नसतो; पूर्वीं कधीं त्याच्याशीं बसून बोलणें झालें असेल, तर तेवढें असतें.