वाऱ्याची बाजू मोकळी ठेव

केझिक, लेक डिस्ट्रिक्ट



तुमच्या ट्रेकर मंडळींच्या बचाव पथकात तू दाखल झालास, हे ताईने कळवलं. श्वानपथक आलं तर आपण काय करायचं, हा तुझा प्रश्न आवडला. बाकीचे फक्त कुत्र्याबद्दल विचारतात.

इथे श्वानपथकाचं काम स्वयंसेवकच करतात. स्वित्झर्लंडमधली हिमस्खलनात शोध घेणारी कुत्री पाहून गिर्यारोहक हॅमिश मॅकिनेस यांनी १९६५ साली स्कॉटलंडमधल्या ग्लेनकोत या कामाची सुरुवात केली. कुत्रा हँडलरच्या घरचाच, पगार कुणालाच नाही. मेंढ्यांच्या मागे धावणारा कुत्रा मात्र परीक्षेतच बाद! मी हँडलर नव्हे. सरावात दगडाआड भिजत लपून राहणारा माणूस. तिथून जे दिसतं तेच लिहितो.

डोंगरातली बरीच कुत्री जमिनीवरचा माग काढत नाहीत. हवेतून येणारा माणसाचा वास पकडतात, मग तो माणूस कुणीही असो. मदतीला आलेले पन्नास जण रानात पांगले, तर कुत्रा इमानदारीने तेच पन्नास शोधून देईल. म्हणून वारा जिकडून येतो तिकडची माणसं आधी मागे घे. गावकरी रागावतील, रागावू देत.

माग काढणारा कुत्रा असेल तर त्याला हरवलेल्या माणसाचीच वस्तू लागते. उशीचा अभ्रा चालेल, पण तो हँडलरलाच उचलू दे. घरातल्या सगळ्यांनी छातीशी धरून रडलेल्या शर्टात सगळ्यांचाच वास असतो. हरवलेल्याच्या माउलीला हे सांगणं जड जातं, तरी सांगावं लागतं.

बरोबर चालायची वेळ आली तर हँडलरचे डोळे कुत्र्यावर असतात. नकाशा, वायरलेस आणि कडा तू सांभाळ. कुत्र्याला गोंजारू नकोस, हाक मारू नकोस. हद्द तू सांग, शिरायचं कुठून ते हँडलर ठरवील. सह्याद्रीत ऊन तापलं की हवा दरीतून वर चढते, रात्री उताराने खाली येते. शिवाय धापा टाकणाऱ्या कुत्र्याचं नाक नीट चालत नाही. पहाटेच निघा, पाणी जास्त घ्या.

‘इथे कुणी नाही’ असं हँडलर म्हणाला, तरी नकाशावर फुली मारू नकोस. वेळ आणि वारा लिही, खात्री किती ते विचार. दाट कारवीत किंवा वारा घुमणाऱ्या घळीत वास कुठच्या कुठे जातो.

इर्शाळवाडीसारखी दरड कोसळली तर गोष्ट वेगळी. ढिगाऱ्याखालच्या जिवंत माणसाचा शोध आणि मृतदेहाचा शोध यांचं शिक्षण निराळं असतं. आलेला कुत्रा कशात तयार आहे, हे पहिल्यांदा विचार.

दिवसभर काहीच हाती लागलं नाही, तर कुत्रा हिरमुसू नये म्हणून हँडलर तुलाच लपायला सांगेल. दमला असलास तरी जा, नीट लप. कुत्र्याचा चेंडू आठवणीने खिशात घे, आणि तो भुंकल्याशिवाय देऊ नकोस.

तुझा,
मामा