आधी तोंड तपास, मग पोट

वसई

चि. भाचीस,

तोंडाला वास येतो म्हणून तू लोकलमध्ये मैत्रिणींशी बोलणं सोडलंस, हे तुझ्या आईकडून कळलं. दिवसभर वेलची चघळतेस आणि रात्री पोट साफ होण्याचं चूर्ण घेतेस, असंही ती म्हणाली. वाईट वाटलं, म्हणून लगेच लिहिते आहे.

वास आला की पोटाला दोष द्यायचा, ही आपल्याकडची जुनी समजूत. पण अन्ननलिका एरवी मिटलेली असते, त्यामुळे पोटातला वास सहसा वर येत नाही. दहांतल्या आठ-नऊ जणांमध्ये वासाचं मूळ तोंडातच सापडतं. जिभेचा मागचा भाग खडबडीत असतो. तिथे, दातांच्या फटींत आणि हिरड्यांखाली अन्नाचे कण व मेलेल्या पेशी साचतात. हवेशिवाय वाढणारे जीवाणू त्यांतली प्रथिनं कुजवतात आणि हायड्रोजन सल्फाइडसारखे गंधकाचे वायू तयार होतात. चूर्ण तिथे पोचत नाही आणि वेलची तो वास घटकाभर झाकते, एवढंच.

हे सगळं धुऊन नेण्याचं काम लाळ करते. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून सकाळी उठल्यावर सगळ्यांच्याच तोंडाला वास येतो. पण तुझं तोंड दिवसाही कोरडं पडत असणार. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर, गाडीत स्वच्छतागृह नाही; म्हणून आपल्या कितीतरी बायका घरातून निघण्याआधीपासूनच पाणी टाळतात. त्यात सकाळचा नाश्ता चुकतो. असं करू नकोस. बाटली जवळ ठेव, घोट घोट पाणी पी आणि ऑफिसला पोचल्यावर खळखळून चूळ भर. श्रावणी सोमवार असो की शेजारच्या ख्रिस्ती घरांतला प्रायश्चित्तकाळ, उपासाच्या दिवशी तोंड कोरडं पडतंच, शिवाय शरीर चरबी जाळू लागलं की श्वासाला वेगळाच वास येतो. खाल्ल्यावर तो जातो.

लसणाचं निराळं आहे. त्यातलं गंधकद्रव्य रक्तात मिसळून फुफ्फुसांवाटे बाहेर पडतं, म्हणून कितीही दात घासले तरी वास काही तास राहतो आणि मग आपोआप जातो. त्यासाठी अर्नाळ्याच्या सुक्या बोंबलाचं लसूण घातलेलं कालवण सोडायची गरज नाही.

आता रोज काय करायचं ते सांगते. सकाळी आणि रात्री झोपताना दोन-दोन मिनिटं दात घास. रात्रीचं चुकवू नकोस. टंग क्लीनर जिभेवर मागून पुढे हलक्या हातानं फिरव. दातांच्या फटींत ब्रश पोचत नाही, तिथे फ्लॉस वापर. फ्लॉस काढल्यावर हुंगून बघ. वास नेमका कुठल्या दाताजवळचा आहे ते कळेल. स्पिरिट असलेल्या माउथवॉशनं तोंड आणखी कोरडं पडतं. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश डॉक्टरांनी सांगितला तर सांगितले तेवढेच दिवस वापर, कारण त्यानं दातांवर डाग पडतात.

घासताना हिरड्यांतून रक्त येत असेल, तर थेट दातांच्या डॉक्टरांकडे जा. दातांवर घट्ट बसलेलं कीटण ब्रशनं निघत नाही, त्याला स्केलिंगच लागतं. खाजगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल, तर मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, तुझ्याच लाइनवर. किडलेला दात असेल तर तोही बुजवून घे.

दात आणि हिरड्या ठीक आहेत असं डॉक्टरांनी सांगूनही वास राहिला, तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखव. सायनसचा त्रास किंवा टॉन्सिलमध्ये अडकणारे पांढरे खडे हेही कारण असू शकतं. साखरही तपासून घे. मधुमेह असलेल्या माणसाच्या श्वासाला पिकल्या फळासारखा वास येऊन उलट्या आणि धाप लागली, तर तासभरही न थांबता इस्पितळ गाठायचं, हे घरात सगळ्यांना सांगून ठेव. आणि कधी कधी वास मुळीच नसतो, मनानं घेतलेलं असतं. म्हणून आधी आईलाच स्पष्ट विचार, ती खरं सांगेल.

घरातलंही पाहा. बाबांची कवळी रात्री काढून, ब्रशनं घासून, पाण्यात ठेवायला हवी. आजीची मिश्री सुटायलाच हवी. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू; तिनं हिरड्या बिघडतात आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका असतो. तिला रागावू नकोस, जवळ बसून समजाव.

वासाची लाज धरून माणूस गप्प बसतो आणि साधा उपाय वर्षानुवर्षं लांबतो. यात लाजण्यासारखं काही नाही. याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरांची वेळ घे आणि उद्यापासून गाडीत मैत्रिणींशी बोलायला लाग.

तुझी,
मावशी