शमुवेलाचा झगा

(वचन : 1 शमुवेल 2:18-19)



आमच्या खेड्यांतील वडीलधाऱ्यांस जन्मतारीख विचारली तर पुष्कळांची 1 जून निघते. ही तारीख आईबापांनी सांगितलेली नव्हे, मास्तरांनी घातलेली आहे. शाळेत नाव दाखल करिताना बापास मुलाचा जन्मदिवस आठवेना, आणि शाळा तर जून महिन्यात उघडावयाची. तेव्हा मास्तरांनी जे लिहिले तेच खरे ठरले. एका आजीबाईंस आम्ही वय विचारले, तर त्या म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला जाण्याजोगी झाले होते, आता तुम्हीच हिशेब करा." अशा आजीबाईंची नातवंडे आज वाढदिवस करू म्हणतात, आणि तो कसा करावा हे सांगणारे घरात कोणी नाही.

गेल्या पावसाळ्यात एके रविवारी उपासना आटोपल्यावर मंडळीतील एक भगिनी मागे थांबल्या. त्यांच्या मुलास अठरा वर्षे पुरी व्हावयाची होती. मुलगा तालुक्याच्या गावी बारावीत शिकतो. सोबत्यांचे वाढदिवस त्याने पाहिलेले : स्टँडवर मोठा फ्लेक्स, मोटारसायकलच्या सीटवर ठेवून कापलेला केक, तोंडास फासलेली मलई आणि रात्री डीजे. त्याने घरी तसेच मागितले. बाप गवंडीकाम करणारा, तो म्हणाला, "आमच्या सात पिढ्यांत कोणी केक कापला नाही." मुलगा म्हणाला, "मग त्या रात्री मी घरी येणारच नाही." आईने नवऱ्यास न कळविता बचत गटातून पंधरा हजार रुपये उचलावयाचे मनात धरिले होते. आम्हांस विचारावयाचे होते ते एवढेच : "पाळकसाहेब, वाढदिवस करणे पाप आहे का?"

पाप आहे असे म्हणणारे पूर्वी होऊन गेले. पवित्र शास्त्रात जन्मदिवसाच्या मेजवान्या म्हणून उघड सांगितलेल्या दोनच आहेत. एक फारोची (उत्पत्ति 40:20), तीत आचाऱ्यांच्या नायकास फाशी झाली. दुसरी हेरोदाची (मार्क 6:21), तीत बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर ताटात आले. तिसऱ्या शतकातील ओरिगेन या पंडिताने लेवीयाच्या पुस्तकावरील आपल्या एका प्रवचनात याच गोष्टींकडे बोट दाखवून म्हटले आहे की, पवित्र जनांपैकी कोणी आपला जन्मदिवस साजरा केल्याचे आढळत नाही. ओरिगेनाच्या विद्वत्तेपुढे आम्ही नम्र आहो. परंतु फारो जेवीतही असे, म्हणून आम्ही जेवण सोडिले नाही.

हेरोदाचा घात त्या दिवसाने केला नाही, पाहुण्यांनी केला. मार्क स्पष्ट सांगतो की मुलीचे मागणे ऐकून राजा फार खिन्न झाला. पण आपल्या शपथेमुळे आणि पंक्तीस बसलेल्यांमुळे त्याच्याने नाही म्हणवेना. मेजवानी मांडली ती अंमलदारांच्या, लष्कराच्या नायकांच्या आणि गालीलातील बड्या लोकांच्या डोळ्यांसाठी. सबब शेवटी त्याच डोळ्यांस भिऊन एका नीतिमानाचा जीव गेला. हल्ली तलवारीने केक कापणाऱ्या पोरांस पोलिसांनी शस्त्रकायद्याखाली धरून नेल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्यांतील किती जणांस खरोखर तलवार हवी असेल? ती हवी असते भोवती मोबाइल धरून उभे राहिलेल्यांस.

येथवर सांगून थांबलो असतो तर आमचे काम सोपे झाले असते. परंतु आमच्या स्वतःच्या घरची गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. त्याच वर्षी जानेवारीत आमच्या कन्येस सतरा वर्षे पुरी झाली. आम्ही उपकारस्तुतीची सभा ठरविली. मंडळीचे वडील, शेजारच्या दोन गावांचे पाळक, अशी चाळीस-पन्नास माणसे बोलाविली आणि स्वतः अर्धा तास बोललो. तिच्या बाप्तिस्म्यापासून दहावीच्या गुणांपर्यंत काहीएक सोडिले नाही. ती चहाचे कप देत फिरत होती. रात्री आईजवळ म्हणाली, "आज वाढदिवस पप्पांचा होता." हेरोदाचे पाहुणे गालीलचे, आमचे मंडळीतले, फरक असलाच तर इतकाच.

आता हन्नेकडे पाहा. नवसाने झालेला मुलगा तिने शिलो येथे एली याजकाच्या हवाली केला, आणि ती दरसाल नवऱ्याबरोबर यज्ञासाठी वर जाताना त्याच्यासाठी एक लहानसा झगा करून नेत असे. आम्ही हे वचन लहानपणापासून ऐकत आलो, पण शिंपीकाम करणाऱ्या एका भगिनीने एकदा विचारले, "साहेब, तिने माप कसे घेतले असेल?" सेमिनरीत आम्हांस हा प्रश्न कोणी घातला नव्हता. खरेच, मुलगा शिलोत, आई रामात. गेल्या वर्षीचा झगा तिच्या हाती होता कोठे? वर्षभर ती मनात त्याला वाढवीत असली पाहिजे. दारावरून त्याच्या वयाचे पोर गेले की नजरेने त्याचे खांदे मोजीत असली पाहिजे. पुढे तिला आणखी तीन मुलगे आणि दोन मुली झाल्या असे एकविसाव्या वचनात आहे. तरी झगा चुकल्याचे कोठे लिहिले नाही. आणि मागल्या वर्षी नीट बसला म्हणून तिने तेच माप पुन्हा कापले असते तर? शमुवेलाने आईचे मन राखण्यास तो अंगात घातलाही असता, पण हात वर करिताच बाही उसवली असती.

सतरा-अठरा वर्षांच्या लेकराचा वाढदिवस योजताना आम्ही आईबाप हेच करितो. कोणी सातव्या वर्षाचे माप काढितो, फुगे आणि कागदी टोप्या. कोणी शेजाऱ्याच्या मुलाचे माप घेतो. आणि कोणी पाळक स्वतःच्या अंगाचे.

त्या भगिनीस आम्ही म्हटले, "बाई, वाढदिवस पाप नाही. नवऱ्यापासून लपविलेले कर्ज मात्र घरात आणू नका. आणि मुलास काय हवे ते आधी विचारा." त्या म्हणाल्या, "त्याने सांगितलेच की, फ्लेक्स आणि डीजे." आम्ही म्हटले, "ते त्याने पाहिलेले सांगितले. हवे आहे ते विचारा."

पहिल्याने तो "काही नको" म्हणून उठून गेला. चार दिवसांनी भाकरी खाताना आपण होऊन बोलला : मी पाच जणांच्या घरी जेवलो आहे, आपल्या घरी त्यांतला एकही कधी जेवला नाही. हे आम्हांस कळले तेव्हा लूक 15:29 मधील थोरला मुलगा आठवला. त्याची तक्रार पोसलेल्या वासराची नव्हती. मित्रांबरोबर आनंद करावयास एक करडूही कधी मिळाले नाही, ही होती. इतकी वर्षे राबणाऱ्या मुलाच्या मनात एक करडू सलत होते, आणि बापास त्याचा पत्ता नव्हता. आमच्या घरांतून अशा थोरल्या मुली तर फारच आहेत. धाकट्यांचे सगळे करावे, आणि स्वतःचा दिवस कोणाच्या ध्यानी नाही.

मग योजना थोडक्यात झाली. पाच सोबती, त्यांत दोन हिंदू व एक मुसलमान, म्हणून कोंबडी हलाल केलेली आणावी हे मुलानेच सांगितले. रस्सा, भाकरी आणि भात घरचा. गाणी मोबाइलवर, तीही दहापर्यंत. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपकास 2000 सालच्या नियमांनी मनाई आहेच, आणि शेजारी म्हातारी आजारी होती. प्रार्थना करावी, पण पाच मिनिटे. ती आम्हीच करावी असा आग्रह झाला. आम्ही घरच्या आजीने करावी असे सुचविले. पोरांची छायाचित्रे त्यांस विचारल्यावाचून कोणी पुढे पाठवू नयेत, हेही ठरले. मलई फासणे आजीबाईंनी परस्पर मोडीत काढिले. खडी फोडून मिलोची भाकरी खाल्लेल्या त्याच या आजीबाई. अन्न तोंडास फासण्याची कल्पना त्यांस समजावून देणे कोणास साधले नाही.

अर्धा किलोचा केक बापाने कामावरून येताना स्वतः आणिला. सिमेंटचे हात पेटीस लागू नयेत म्हणून त्याने ती गमछ्यात धरिली होती. पेटी मुलाच्या हाती देऊन तो ओट्यावर जाऊन बसला, पंक्तीत आला नाही. मुलाने दोनदा हाक मारिली, तो म्हणाला, "तुम्ही जेवा."

आम्हांस यात रुसवा दिसला नाही. ईयोबाचे मुलगे पाळीपाळीने आपापल्या दिवशी आपल्या घरी मेजवानी करीत व बहिणींस बोलावीत (ईयोब 1:4); तो दिवस म्हणजे जन्मदिवसच, असे काही भाष्यकार मानितात. त्या मेजवानीत ईयोब गेल्याचे लिहिलेले नाही. मुले मोठी झाली होती, घर त्यांचे, हसणे त्यांचे. मेजवानीचे दिवस सरले म्हणजे मात्र तो अगदी पहाटे उठे आणि एकेका लेकरासाठी होमार्पण करी. आणि हे तो नित्य करीत असे.

त्या रात्री सोबती तेथेच निजले. मुलगाही घरीच होता. पहाटे बाप कामावर निघाला तेव्हा पोरे ओट्यावर वाकळ ओढून पसरलेली. आई सांगत होती की तो त्यांच्यामध्ये थोडा वेळ उभा राहिला, डोक्याची टोपी काढून हाती धरिली, आणि मग पाऊल जपून टाकीत बाहेर पडला.

येत्या जानेवारीत आमच्या कन्येस अठरा वर्षे पुरी होतील. या खेपेस आम्ही तिला विचारिले आहे. "विचार करून सांगते," म्हणाली; अद्याप सांगितलेले नाही.