न घडलेल्याचा हिशेब

हरभऱ्याला घाटे धरू लागले की आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची झोप उडते. ज्ञानगंगेच्या अभयारण्यालगतची गावे घ्या, नाही तर सातपुड्याच्या पायथ्याची जळगाव जामोद, संग्रामपूरकडची घ्या. रोही आणि रानडुकरे एका रात्रीत उभे शेत आडवे करतात. म्हणून मचाण बांधायचे, घोंगडी पांघरायची आणि रात्रभर जागायचे. ह्याला आमच्याकडे ‘जागली’ म्हणतात. पहाटे जागल्या घरी येतो, घोंगडी खुंटीला टांगतो आणि चहा मागतो. सांगण्यासारखे त्याच्यापाशी काहीच नसते. उलट ज्याच्या शेतात डुकरे शिरली आणि ज्याने आरडाओरड करून, डबे बडवून ती हाकलली, त्याची गोष्ट पारावर चार दिवस चालते. पहिल्याचे शेत शाबूत आहे, दुसऱ्याचे अर्धे गेले आहे. पण बहादूर कोण ठरला? दुसरा!

ह्या अन्यायाची मला पूर्वी मौज वाटे. आता ती वाटेनाशी झाली आहे, कारण हाच प्रश्न फार मोठ्या जागी जाऊन बसला आहे. बँका, रेल्वेची तिकिटे, स्वस्त धान्याचे दुकान, पोरांचे प्रवेश, पिकाचा विमा हे सगळे आज संगणकांवर चालते, आणि त्या संगणकांची जागली करायला दुसरे संगणक ठेवलेले आहेत. कुठे काही अडले की हे पहारेकरी यंत्र ते टिपते, कारणाचा अंदाज बांधते, जमले तर आपणच दुरुस्त करते आणि नाही जमले तर कुणा माणसाला फोन करून उठवते. अशा पहाऱ्यावर पैसा ओतणारी मंडळी साहजिकच विचारतात, की ह्याचा उपयोग किती झाला तो आकड्यांत सांगा. प्रश्न रास्त आहे. पण तो नुसत्या गणिताचा नाही, न्याय-अन्यायाचाही आहे, असे मला वाटते. आणि माझे गणित मॅट्रिकच्या पलीकडे गेलेले नसल्यामुळे मी त्याकडे त्याच बाजूने पाहणार.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्याला हिंजवडीत हेच काम करतो. गेल्या दिवाळीत तो घरी आला होता, तेव्हा ही मापे त्याच्याकडून समजून घेतली. बिघाड झाल्यापासून तो लक्षात येईपर्यंत किती वेळ गेला, हे एक माप. लक्षात आल्यापासून कुणी हात घालेपर्यंत किती, हे दुसरे. आणि सगळे पुन्हा सुरळीत होईपर्यंत किती, हे तिसरे. प्रत्येक बिघाडाला ते ‘तिकीट’ म्हणतात. तिकीट उघडते आणि तिकीट बंद होते. महिन्याच्या शेवटी साऱ्या तिकिटांची सरासरी काढून वरिष्ठांपुढे ठेवायची. सरासरी खाली आली की यंत्र गुणी, वर गेली की यंत्र नालायक.

आता ही सरासरी काय चीज आहे पाहा. समजा महिन्यात दहा बिघाड झाले. नऊ किरकोळ होते, ते यंत्राने एकेका मिनिटात निपटले. दहावा अवघड निघाला, त्याला माणसांचे पाच तास गेले. एकूण ३०९ मिनिटे; सरासरी सुमारे ३१ मिनिटे. प्रत्यक्षात ३१ मिनिटांचा बिघाड एकही झालेला नाही. पण गंमत पुढेच आहे. पुढच्या महिन्यात कुणा शहाण्या माणसाने मुळापासून अशी सुधारणा केली, की ते नऊ किरकोळ बिघाड मुळी उद्भवलेच नाहीत. राहिला तो एकच अवघड. सरासरी किती? तीनशे मिनिटे! कागदावर काम दहापट बिघडले आणि वस्तुतः ते सुधारले. ज्याने आजार होऊच दिला नाही तो वैद्य ह्या हिशेबात नापास होतो.

दुसरे एक माप टक्केवारीचे असते. ‘आमची सेवा वर्षातून ९९.९ टक्के वेळ चालू असते’ असे कंपन्या अभिमानाने सांगतात. ऐकायला हे शंभरच वाटते. पण वर्षाचे ८,७६० तास धरले तर उरलेला दशांश टक्का म्हणजे पावणेनऊ तास होतात. आणि हे पावणेनऊ तास वर्षात कधी आले, ह्याबद्दल टक्केवारी मौन पाळते. ते दिवाळीच्या पहाटे आले तर कुणाचे बिघडणार नाही. पण अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी, सेवा केंद्राच्या दारात तीस-चाळीस माणसे रोज बुडवून उभी असताना, आतून ‘सर्व्हर डाऊन’ अशी हाक आली तर? त्या माणसांना ९९.९ चा आकडा सांगून पाहावा. माझ्या धाडसाच्या तो बाहेरचा आहे.

१९ जुलै २०२४ ची गोष्ट बऱ्याच जणांना आठवत असेल. क्राउडस्ट्राइक नावाच्या अमेरिकन कंपनीने संगणकांच्या संरक्षणासाठी केलेल्या आपल्याच व्यवस्थेत एक सदोष फाइल जगभर पाठवली. आपल्याकडे तेव्हा सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटे झाली होती. १० वाजून ५७ मिनिटांनी, म्हणजे ७८ मिनिटांत, कंपनीने ती मागे घेतली. पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक ठप्प झाले होते, आणि बंद पडलेल्या संगणकाला दुरून काही सांगण्याची सोय नव्हती. हजारो ठिकाणी माणसांनी एकेका यंत्रापुढे बसून ती फाइल हाताने काढली. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास मिळाले. त्यांची छायाचित्रे तुम्ही पाहिली असतील. अमेरिकेत डेल्टा ह्या एका विमान कंपनीची पाच दिवसांत सुमारे सात हजार उड्डाणे रद्द झाली. मग हा बिघाड किती वेळ चालला? पाठवणाऱ्याच्या घड्याळात ७८ मिनिटे. विमानतळाच्या फरशीवर पोर मांडीवर घेऊन झोपलेल्या बाईच्या घड्याळात दोन रात्री. दोन्ही घड्याळे अचूक आहेत. मात्र तक्त्यात कोणते लिहायचे, हे घड्याळ ठरवीत नाही. ते घड्याळाचा मालक ठरवतो.

ह्यातले इवलेसे रूप मी जवळून पाहिले आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या शिष्यवृत्तीचे पैसे अडले. तिच्या आईला बरोबर घेऊन मी एका कचेरीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. तिसऱ्या दिवशी बाईंच्या मोबाइलवर निरोप आला, की आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. बाई हरखून पेढे घेऊन आल्या. पैसे जमा झालेले नव्हते. तक्रार चुकीच्या खात्याकडे आली आहे एवढे यंत्राने ओळखले होते, आणि तिथल्या तिथे ती बंद केली होती. त्या कचेरीच्या तक्त्यात आमची नोंद ‘दोन दिवसांत निवारण’ अशी चढली असणार, आणि तिच्यामुळे त्यांची सरासरीही सुधारली असणार! तक्रार निकाली निघणे आणि अडचण दूर होणे ह्यांत किती अंतर असते, ते त्या पेढ्यांनी मला शिकवले. पैसे पुढे पाच महिन्यांनी आले; त्या पाच महिन्यांची नोंद कोणत्याच तक्त्यात नाही.

माप एकदा बक्षिसाला बांधले, की माणसे कामाकडे पाहणे सोडून मापाकडे पाहू लागतात. आम्हा मास्तर लोकांना हे नवे नाही. १८६२ साली इंग्लंडात शाळांचे अनुदान परीक्षेच्या निकालाला बांधले गेले, आणि मुलांना वाचायला शिकवण्याऐवजी इन्स्पेक्टरपुढे म्हणण्याचा उतारा पाठ करून घेण्याची प्रथा पडली. १९७५ मध्ये गुडहार्ट नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने पैशाच्या व्यवहाराबद्दल असेच निरीक्षण मांडले, आणि आज ते त्याच्या नावाने नियम म्हणून ओळखले जाते. संगणकवाल्यांकडे ह्याचे रूप असे, की तिकिटे लवकर बंद करणाऱ्याची वाहवा होते म्हटल्यावर तिकिटे लवकर बंद होतात. तोच बिघाड आठ दिवसांनी परत आला की त्याचे नवे तिकीट उघडते. तेही लवकर बंद होते. कामगिरी दुप्पट!

यंत्राचे उपकार नाकारण्याचा करंटेपणा मात्र मला करायचा नाही. त्या विद्यार्थ्याची आई सांगत होती, की पूर्वी पोरगा घरी आला तरी रात्रीतून चार-पाचदा फोन वाजे आणि तो अंथरुणात बसून संगणक उघडी. बहुतेक वेळा काही झालेलेच नसे. आता यंत्र खोटे इशारे परस्पर गाळते आणि पोरगा झोपतो. ‘सर, झोप लागते आता’ हे त्याचे शब्द कुठल्याही आलेखापेक्षा मला जास्त पटले. झोप हेसुद्धा एक माप आहे. पण आमच्या गावचा एक म्हातारा जागल्या म्हणत असे, “कुत्रं भुकलं तं उठा लागते, नाई भुकलं तं आनखीच उठा लागते.” शांतता दोन तऱ्हेची असते. एक, काही घडत नाही म्हणून. दुसरी, पाहणाराच गप्प झाला म्हणून. पडद्यावर दोन्ही सारख्याच हिरव्या दिसतात.

४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री नऊच्या सुमारास आपले व्हॉट्सॲप बंद पडले, ते सुमारे सहा तास. आमच्या आळीत घरोघर लोक मोबाइल बंद करून पुन्हा चालू करीत होते. कंपनीने पुढे जो खुलासा केला तो वाचण्यासारखा आहे. देखभालीच्या कामात एक चुकीची आज्ञा सुटली. अशी आज्ञा अडवण्यासाठी ठेवलेल्या पहारेकरी यंत्रातच दोष होता, म्हणून ती अडली नाही. आणि बिघाड शोधण्याची त्यांची हत्यारे त्याच जाळ्यावर चालत असल्यामुळे तीही निकामी झाली. लिझॅन बेनब्रिज नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ सालीच एका निबंधात हा पेच मांडून ठेवला होता. सोपी कामे यंत्राकडे गेली की माणसाकडे फक्त अवघड उरतात; आणि रोजचा सराव गेल्यामुळे नेमक्या त्या अवघड वेळी त्याचा हात चालत नाही. ज्या पोराने कधी डुक्कर हाकलले नाही, त्याच्या हाती एखाद्या अमावास्येला सगळे शिवार सोपवायचे, तशातली ही गत. ह्या गमावलेल्या सरावाचा रकाना मला कुठल्या तक्त्यात दिसला नाही.

मग मोजूच नये काय? तसे म्हणणेही लबाडीचे होईल. १ जुलै २०२३ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, आमच्याच जिल्ह्यात सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली खाजगी बस उलटून पेटली. २५ माणसे गेली. अशा वेळी मदत किती मिनिटांत पोहोचली हे मोजायलाच हवे. कुठे एक मिनिटही एखाद्याचा जीव असते. पण मदतीचे घड्याळ फोन वाजल्यावर सुरू होते. त्याआधीची घड्याळे, म्हणजे गाडीची संकटकाळची दारे किती दिवसांपूर्वी तपासली, चालक किती तास जागा होता, ही चालवायला कुणी पुढे येत नाही. कारण ती चालवली तर शाबासकीची संधी येत नाही. फक्त एक बस सकाळी पुण्याला पोहोचते.

न घडलेले मोजण्याची एक रीत शास्त्रज्ञांना माहीत आहे: थोडा भाग पहाऱ्याविना सोडायचा आणि दोन्हीकडचे नुकसान ताडून पाहायचे. आमच्याकडे आता शेताभोवती सौर झटका मशीन लावतात. तारेला थोड्या थोड्या वेळाने विजेचा ठोका बसतो, जनावर दचकून मागे फिरते आणि शेतकरी घरी झोपतो. ह्या यंत्राचा उपयोग किती, हे ठरवायला अर्धे शेत उघडे ठेवून पाहता येईल. पण कुणाचे अर्धे? तपासायला उघडा ठेवलेला पट्टा नेहमी दुसऱ्याचाच असतो. शिवाय तारेवरून फिरलेला कळप हवेत विरत नाही; ज्याला मशीन परवडले नाही त्या शेजाऱ्याच्या तुरीत तो शिरतो. माझ्या शेताचा आलेख सुंदर येतो. संगणकाच्या पहाऱ्यातही मला हा शेजारी दिसतो. कंपनीने फोन उचलणारी माणसे काढून उत्तरे देणारे यंत्र बसवले, तिचा वेळ वाचला; आणि ‘यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा’ करीत बसलेल्या म्हाताऱ्याचा गेलेला वेळ कुणाच्याच खर्चात पडला नाही.

मी त्या विद्यार्थ्याला विचारले, “अरे, समजा तक्ता तुला करायला सांगितला, तर काय लिहिशील?” तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “सर, तिकीट बंद झालं का, हे मी बंद करणाऱ्याला विचारणार नाही. ज्यानं उघडलं त्याला विचारीन. आणि तोच बिघाड परत आला तर पहिलं तिकीट पुन्हा उघडीन, नवं काढणार नाही.”

“मग वरिष्ठांना सांग की.”

“सांगितलं सर. त्यानं आमची सरासरी तिप्पट होते.”

तो हसला. मग त्याने पिशवीतून शाळेत वापरतो तसली दोनशे पानी वही काढून दाखवली. रात्री पडद्यावर काही खटकले, आणि बिघाड होण्याआधीच त्याने ते सावरले, की तो तारीख घालून एक ओळ लिहितो. त्या ओळीचे तिकीट नसते. वही जवळजवळ भरत आली होती. “पगारवाढीला हिचा उपयोग नाही,” तो म्हणाला, “पण माझ्या जागी उद्या नवा पोरगा येईल, त्याला द्यायला होईल.” त्याच्या पाळीवर पूर्वी चार जण होते, आता दोन आहेत. गेलेल्या दोघांनी अशी वही ठेवली होती का, असे मी विचारले. त्याने मान हलवली, आणि आईने फराळाचे ताट आणले म्हणून वही मिटून बाजूला ठेवली.