प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक

शियाली रामामृत रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत १९३१ साली पुस्तकरूपाने मांडले. ग्रंथ वापरासाठी असतात, हा पहिला. तो आता कुणी नाकारत नाही. दुसरा वाचकाचा कैवार घेतो: ज्याला जे पुस्तक हवे, ते त्याला मिळालेच पाहिजे. तिसऱ्या सिद्धांतात मात्र हक्कदार बदलतो. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, असे तो सांगतो, आणि पाचांमध्ये मला हाच सर्वांत खोल वाटतो. वाचकाला हवे ते मिळाले नाही तर तो तक्रार करतो, दुसरे ग्रंथालय गाठतो. पुस्तक यातले काहीच करू शकत नाही. दाखल क्रमांकाचा शिक्का बसल्यापासून ते मांडणीवर उभे असते आणि त्याच्या वतीने दुसऱ्या कुणाला तरी बोलावे लागते.

विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे वार्तापत्र, नवागत ग्रंथांची यादी, ग्रंथप्रदर्शन, परिसरातल्या शाळांसाठी ठेवलेला एखादा दिवस, या सगळ्यांचे प्रयोजन मी या एका सिद्धांतात शोधतो. गावच्या वाचनालयात लोक मागतील ती पुस्तके बहुतांशी घेतली जातात. विद्यापीठाचे ग्रंथालय मात्र अजून न आलेल्या वाचकासाठीही खरेदी करते. शिलालेखांचे खंड, एखाद्या बोलीचा कोश, जुन्या जमाबंदीचे अहवाल यांचा खरा वाचक कदाचित अजून शाळेत असेल. त्याच्यापर्यंत निरोप कसा पोहोचणार, हा प्रश्न विद्यापीठाच्या ग्रंथपालाला म्हणूनच अधिक तीव्रतेने पडायला हवा.

रंगनाथन यांना तो पडला होता. ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवीत. जानेवारी १९२४मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले, आणि त्या ओस जागेत त्यांचे मन रमेना. वर्गातल्या मुलांची सवय असलेल्या माणसाला नुसत्या पुस्तकांची सोबत पुरेना, म्हणून त्यांनी पुन्हा अध्यापनाकडे जाण्याची इच्छा व्यक्त केली. त्याच वर्षी ते अभ्यासासाठी लंडनला गेले आणि तिथे त्यांची दृष्टी पालटली. क्रॉयडनचे ग्रंथपाल बर्विक सेयर्स हे त्यांचे शिक्षक. इंग्लंडमधली अनेक ग्रंथालये त्यांनी फिरून पाहिली. १९२५मध्ये ते परतले ते ओस ग्रंथालय भरून टाकण्याच्या निश्चयाने. कपाटांपर्यंत वाचकाला स्वतः जाता येईल अशी मुक्तद्वार पद्धती, उघडे राहण्याची वाढीव वेळ, वाचकाजवळ जाऊन त्याला काय हवे ते समजून घेणारे संदर्भ सेवक, हे बदल मद्रासमध्ये त्यांनी घडवले.

तिसऱ्या सिद्धांताचे विवेचन करताना मुक्तद्वार, मांडणी, तालिका आणि संदर्भ सेवा यांच्याच पंक्तीला त्यांनी प्रसिद्धी आणि विस्तार सेवा बसवल्या. आपण या गोष्टी शिलकी वेळात करायच्या शोभेच्या मानतो. रंगनाथन यांच्या लेखी तालिकेत नोंद नसलेले पुस्तक आणि कुणाला ठाऊक नसलेले पुस्तक यांचे दुःख एकच होते. शिवाय विद्यापीठाचे नोकर असूनही त्यांनी विद्यापीठाचे कुंपण ही सीमा मानली नाही. १९२८मध्ये मद्रास ग्रंथालय संघ स्थापन झाला, त्यामागे त्यांचाच पुढाकार होता. १९३१मध्ये तंजावर जिल्ह्यातल्या मन्नारगुडीला बैलगाडीतून फिरते ग्रंथालय निघाले, तेही याच चळवळीच्या वातावरणात.

मराठी वाचकाला या संदर्भात बडोदे आठवलेच पाहिजे. मद्रासच्या आधीच, १९१०मध्ये, सयाजीराव गायकवाडांनी विल्यम अॅलन्सन बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. पेट्यांतून पुस्तके खेड्यापाड्यांत जाऊ लागली. बोर्डन यांच्यानंतर जनार्दन सखाराम कुडाळकरांनी ते काम पुढे नेले. तिथूनच १९१२मध्ये ‘लायब्ररी मिसलेनी’ हे नियतकालिक निघाले, तेही इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. ते विद्यापीठाचे नव्हते, संस्थानाचे होते, हे खरे. पण ग्रंथालयाची वार्ता मराठीत सांगायची रीत शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि आज महाराष्ट्रातल्याच विद्यापीठांच्या ग्रंथालयांची पत्रके पुष्कळदा केवळ इंग्रजीत निघतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मुंबईचा राजाबाई टॉवर पाहा. प्रेमचंद रायचंदांनी १८६४मध्ये आधी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले, मग तेवढेच मनोऱ्यासाठी. १८७८मध्ये बांधकाम पुरे झाले. मनोऱ्याला दात्याच्या आईचे नाव मिळाले आणि ते सर्वतोमुखी झाले. मैदानाच्या कडेने जाणारे कितीतरी लोक मान वर करून घड्याळ पाहतात, पण त्याच वास्तूत ग्रंथालय आहे हे त्यांच्यापैकी थोड्यांनाच माहीत असते. इमारत स्वतःची ओळख करून देते, ग्रंथाला ती करून द्यावी लागते.

आपल्याकडे १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन आणि १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो. रंगनाथन आणि अब्दुल कलाम यांच्या स्मरणाचे हे दिवस मला प्रिय आहेत. परंतु दुसऱ्या दिवशीच्या बातमीत अध्यक्ष कोण, पाहुणे कोण, आभार कुणी मानले हे सारे असते, पुस्तकाचे नाव नसते. ज्या वार्तेत एकाही पुस्तकाचे नाव नाही, ती ग्रंथालयाची वार्ता नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. दारे सताड उघडली तर दुर्मीळ ग्रंथांचे काय? इंग्लंडमध्ये हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये साखळ्यांनी बांधलेले ग्रंथ आजही पाहायला मिळतात. त्या साखळ्यांमागे ग्रंथांविषयीची काळजीच होती. जीर्ण पोथी कुलपातच राहावी. पण ती तिथे आहे, तिच्यात काय आहे, ती कुणाच्या उपयोगी पडेल, ही माहिती कुलपात ठेवण्याचे कारण नाही.

माहिती सांगायला मोठा खर्चही लागत नाही. जो ग्रंथ वर्षानुवर्षे देवघेवीच्या खिडकीपर्यंत आलेला नाही, तो काढावा. त्याची प्रस्तावना वाचावी आणि पाच ओळींची ओळख साध्या मराठीत लिहावी. ती ओळख विभागाच्या सूचना फलकाबरोबरच विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशी आणि जवळच्या हायस्कुलातही लागली पाहिजे. हे काम ग्रंथपालाने करायचे आहे, आणि त्यासाठी त्याला वेळ व माणसे देणे हे विद्यापीठाचे कर्तव्य आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक विद्यापीठाने आपल्या ग्रंथालयाचे पुढचे वार्तापत्र मराठीत काढावे, आणि त्याचे पहिले पान पाहुण्यांना न देता ग्रंथांना द्यावे, एवढी माझी विनंती आहे.