पाव हिस्सा सभेचा

वाल्या कोळ्याची गोष्ट मराठी घरांत सांगितली जाते ती पापाला वाटेकरी नसतो हे मुलांच्या मनावर ठसवण्यासाठी. लुटीवर पोसलेली बायकामुले लुटीच्या पापात वाटा घ्यायला साफ नकार देतात आणि वाल्याचे डोळे उघडतात. करावे तसे भरावे, आणि ज्याचे त्याने भरावे. मनुस्मृतीचा चौथा अध्यायही हेच बजावतो : जीव एकटा जन्मतो, एकटा मरतो, सुकृत-दुष्कृताचे फळही एकटाच भोगतो. पण याच परंपरेत एक अगदी निराळा हिशेब आहे, आणि तो मुलांना सहसा कोणी सांगत नाही. सभापर्वात द्रौपदी भर सभेत प्रश्न विचारते, सारे राजे माना खाली घालतात, तेव्हा विदुर उठून प्रल्हादाची एक जुनी कथा ऐकवतो. तिचे सार असे की, निंद्य कृत्याची जिथे निंदा होत नाही तिथे पापाचा अर्धा भाग सभेतल्या श्रेष्ठाकडे जातो, पाव भाग करणाऱ्याकडे आणि उरलेला पाव गप्प बसलेल्या सभासदांकडे. जिथे निंदा होते तिथे मात्र श्रेष्ठ आणि सभासद दोघेही सुटतात आणि सगळे पाप करणाऱ्याच्या माथी येते. मनुस्मृतीच्याच आठव्या अध्यायात न्यायसभेविषयी असाच एक हिशेब आहे. तिथे कर्ता, साक्षीदार, सभासद आणि राजा या चौघांना सारखे पाव पाव दिले आहे. माझा कल विदुराकडे आहे. समूहात माणूस प्रत्यक्षात कसा वागतो हे गेल्या शतकातल्या मानसशास्त्राने जे काही दाखवले, त्याच्याशी विदुराचा विषम वाटा जास्त जुळतो. ‘सगळेच दोषी’ म्हणणे किंवा ‘ज्याने केले तोच दोषी’ म्हणणे, दोन्ही सोपे आहे आणि दोन्हींत सत्य निसटते.

हा हिशेब घासून पाहायला ठाण्याच्या दहीहंडीइतकी चांगली जागा नाही. टेंभी नाक्यावर आनंद दिघ्यांनी रुजवलेल्या या उत्सवाने पुढे शहराचे राजकारणच व्यापले. २०१२ मध्ये जय जवान गोविंदा पथकाने ठाण्यातच नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा गिनीज विक्रम केला आणि २०२५ मध्ये वर्तकनगरला दहा थर लागले. या मनोऱ्याची रचना नीट पाहावी. तळाच्या थरातले गडी एकमेकांच्या खांद्यांत हात गुंतवून, मान खाली घालून उभे असतात. बाहेरून घेर घालणारे त्यांना दाबून धरतात. ज्यांच्या खांद्यावर सगळा भार आहे त्यांना वर काय चालले आहे ते दिसत नाही. शिट्टी आणि वरून होणारा गलका यांवरच त्यांची सारी भिस्त असते. मधले थर स्वतःचा तोल सांभाळण्यात गुंतलेले. शेवटच्या एक्क्यावर चढणारे पोर सगळ्यांत हलके, म्हणून बहुधा सगळ्यांत लहान. संपूर्ण दृश्य एकाच ठिकाणाहून दिसते, ते म्हणजे मंचावरून. हंडी किती उंच टांगायची, बक्षीस किती थरांना द्यायचे, कोणत्या पथकाला पुन्हा संधी द्यायची हे ठरवणारी माणसेही तिथेच असतात आणि माइकही तिथेच असतो. ज्याला सर्वांत जास्त दिसते आणि ज्याचा आवाज सर्वांत लांब पोचतो, त्याच्याकडे विदुर अर्धा वाटा देतो.

हा अर्धा वाटा केवळ नैतिक रागातून आलेला नाही. स्टॅन्ले मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये येल विद्यापीठात सुरू केलेले आज्ञापालनाचे प्रयोग सर्वांना ऐकून तरी ठाऊक असतात. ‘शिक्षक’ झालेल्या सामान्य माणसाने चुकणाऱ्या ‘विद्यार्थ्या’ला वाढत्या दाबाचे विजेचे झटके द्यायचे. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते माहीत नव्हते. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निबंधात ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. हा आकडा प्रसिद्ध झाला आणि बाकीचे आकडे मागे पडले. खरे शिकण्यासारखे त्या बाकीच्यांत आहे. शेजारी बसलेल्या दोन ‘सहशिक्षकां’नी (तेही मिलग्रॅमचेच लोक) मध्येच नकार दिला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे ४० पैकी ४ उरले. आणि दोन प्रयोगकर्ते समोर बसवून एकाने ‘चालू ठेवा’, दुसऱ्याने ‘थांबवा’ म्हटले, तेव्हा २० पैकी एकही जण शेवटपर्यंत गेला नाही. बरोबरीच्या माणसांनी विरोध केला की आज्ञापालन कोसळते. अधिकाराच्या जागेवरच मतभेद झाला की ते शिल्लकच राहत नाही. श्रेष्ठाचा एक शब्द आणि सभासदाचा एक शब्द यांच्या वजनात फरक आहे हे इथे मोजून दिसते. ज्याचा शब्द जड, त्याचे मौनही जड.

महाभारतात हेच घडलेले दिसते, फक्त उलट्या बाजूने. कौरवसभेत कोणीच बोलले नाही हा आपला समज चुकीचा आहे. विकर्ण बोलला. दुर्योधनाचा सख्खा भाऊ असून त्याने द्रौपदी जिंकली गेलेली नाही असे स्वच्छ सांगितले, आणि सभेत मोठा कल्लोळ झाला. लोकांनी विकर्णाची वाहवा केली, शकुनीला दूषणे दिली. मग कर्णाने विकर्णाला पोरसवदा ठरवून गप्प केले आणि कल्लोळ विरला. त्यानंतर विदुर बोलला. एक वयाने लहान, दुसरा दासीपुत्र. ज्यांच्या शब्दाने दुःशासनाचा हात थांबला असता त्या भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगितले. सॉलोमन अॅशच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगात रेषांच्या लांबीबद्दल सगळा गट एकमुखाने चूक उत्तर देई, आणि सुमारे तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी गटामागे जात. गटात एकच माणूस खरे बोलणारा ठेवला की हे मागे जाणे एकदम ओसरे. मात्र अॅशच्या खोलीत कर्ण नव्हता. खरे बोलणाऱ्याला तिथे कोणी हिणवत नव्हते, त्याचे काही जातही नव्हते. प्रत्यक्ष समाजात पहिल्या आवाजाला लगेच उत्तर मिळते. त्यानंतर वजनदार दुसरा आवाज उठला नाही तर सभेची वाहवा नुसता गलका ठरते, कारण गलक्यात कोणाचेच नाव नसते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, हे प्रयोगच आता संशयास्पद ठरले आहेत. तो पुष्कळसा खरा आहे. जीना पेरी यांनी मिलग्रॅमच्या मूळ ध्वनिफिती ऐकून दाखवले की प्रयोगकर्ता ठरवून दिलेली वाक्ये सोडून बराच आग्रह करत होता, आणि झटके खरे नाहीत अशी शंका अनेकांना आली होती. मानसशास्त्रज्ञ झिम्बार्डोच्या १९७१ च्या खोट्या ‘तुरुंगा’च्या प्रयोगाची अवस्था त्याहून वाईट आहे, त्यात पहारेकऱ्यांनी कठोर व्हावे म्हणून त्यांना पढवले गेले होते. पण या टीकेतून जे पुढे आले ते माझ्या मुद्द्याला बळच देते. अॅलेक्स हॅस्लम आणि स्टीफन रायकर यांचे म्हणणे असे की, मिलग्रॅमची माणसे हुकूम ऐकून पुढे गेलीच नाहीत. ‘तुम्हाला दुसरा पर्याय नाही’ असे थेट हुकमी वाक्य आले की लोक उलट नकार देत. ती पुढे गेली कारण विज्ञानाचे हे थोर काम आपलेही आहे असे त्यांना वाटत होते. दहीहंडीला कोणी हुकूम करत नाही. मंचावरून हाक येते ती ‘आपला सण’, ‘आपली परंपरा’, ‘आपलं ठाणं’ अशी. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने २० फुटांची आणि १८ वर्षांची मर्यादा घातली, २०१६ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली, आणि त्याच गोपाळकाल्याला ठाण्यात नौपाड्यात महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने ती उघड मोडून उंच हंडी बांधली. गुन्हा दाखल झाला. त्या दिवशी वर चढलेल्या कोणालाही आपण कोणाची आज्ञा पाळतो आहोत असे वाटले नसणार, उलट आपण बंडखोर आहोत असेच वाटले असेल. आज्ञेला बंडाचा वेष चढवणे ही मंचाची सर्वांत मोठी कमाई.

दुसरा आक्षेप अधिक भावनेचा, आणि म्हणून अधिक गंभीर. समूह माणसाला नुसता खाली ओढत नाही, उचलूनही धरतो. चाळीतल्या, झोपडपट्टीतल्या पोराला गोविंदा पथकात महिनाभर रोज संध्याकाळी सराव, शिस्त आणि बरोबरीच्यांवर विसंबण्याची सवय मिळते. दुसरीकडे ती विकतही मिळत नाही. डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थानाने १९९९ मध्ये गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली आणि बघता बघता गावोगावी लोक सकाळी नटूनथटून रस्त्यावर येऊ लागले. तेही ‘सगळे करतात म्हणून मीही’ याच न्यायाने. हे सगळे मान्य. दहा थर लागलेले पाहताना छाती भरून येत नाही असा माणूस विरळा, आणि तो मराठी तर नसावाच. पण समूहाचे श्रेय जर सामूहिक असेल, विक्रम पथकाचा आणि बॅनर आयोजकांचा असेल, तर पडण्याचा हिशेब एकट्या पोराच्या नशिबावर आणि त्याच्या आईबापांच्या संमतीवर कसा टाकता येईल? २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने उंचीचे बंधन घालण्याचे नाकारले आणि १४ वर्षांखालील मुलांना चढवणार नाही ही सरकारची हमी नोंदवून घेतली. २०२२ मध्ये, मुख्यमंत्री ठाण्याचेच असताना, दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा मिळाला आणि गोविंदाचा मृत्यू झाल्यास १० लाखांची मदत जाहीर झाली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दहिसरला सरावात एक ११ वर्षांचा मुलगा पडून दगावला. मंडळाच्या अध्यक्षावर गुन्हा नोंदला गेला. विदुराच्या भाषेत ही कर्त्याचा पाव वसूल करण्याची सुरुवात. उंच थरांना मोठे बक्षीस लावून लहान, हलक्या मुलाची गरज निर्माण करणाऱ्या शहरभरच्या मंचांच्या अर्ध्या वाट्यावर कोणत्याच पोलीस ठाण्यात रकाना नाही.

तिसरा आक्षेप तत्त्वज्ञानाचा. श्रेष्ठाला अर्धे दिले की साध्या माणसाला पळवाट मिळते : वरून सांगितले होते, मी काय करणार? शिवाय वाल्याच्या गोष्टीशी हे जुळत नाही. पाप जर हस्तांतरित होत नाही तर त्याचे अर्धे आणि पाव कसे? मला वाटते, विदुराच्या कथेचा उत्तरार्ध याचे उत्तर देतो. सभा बोलली की तिचा वाटा शून्य होतो. म्हणजे तिचा पाव हिस्सा कर्त्याकडून उसना आलेला नव्हता, तो तिच्या स्वतःच्या कृत्याचा होता, आणि ते कृत्य म्हणजे गप्प राहणे. वाल्याच्या बायकोने लूट पाहिली नव्हती, थांबवण्याच्या जागी ती नव्हती, सभासद होते. पळवाट तर मुळीच नाही. मिलग्रॅमच्या ४० पैकी ४ या आकड्यामागे बरोबरीच्या दोनच माणसांचा नकार होता. पाव वाटा लहान असला तरी त्याच्याने हात थांबतो.

तरीही ‘मी असतो तर बोललो असतो’ हे मनातल्या मनात म्हणणाऱ्या वाचकाने एक सोपी परीक्षा द्यावी. कल्याण लोकलच्या दुसऱ्या वर्गात, तिघांच्या बाकावर चौथा अर्धा बाहेर लोंबकळत बसलेला असताना, खिडकीजवळच्या धडधाकट माणसाला काहीही कारण न देता म्हणावे, ‘जरा उठता का, मला बसायचंय.’ मिलग्रॅमने १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत विद्यार्थ्यांना हेच करायला लावले. निम्म्याहून जास्त लोक मुकाट्याने उठले. अडचण उठणाऱ्यांची नव्हती, विचारणाऱ्यांची होती. स्वतः मिलग्रॅमची घशात शब्द अडकून घाबरगुंडी उडाली. एका क्षुल्लक अलिखित नियमाविरुद्ध तोंड उघडताना शरीर असे बंड करते, तर ढोलताशा, डीजे, हजारोंचा जमाव आणि मंचावरचा आमदार यांच्यासमोर ‘हे पोर उतरवा’ म्हणायला काय लागेल याची कल्पना करावी. बहुमताला न जुमानता स्वतःच्या मनाला साक्षी ठेवणारे तुकोबा आपण नेहमी एकटेपणाचा आदर्श म्हणून पुढे करतो. पण तुकोबा एकटे नव्हते. त्यांच्या पाठीशी विठोबा होता, ज्ञानोबा-नामदेवांची परंपरा होती. देहूच्या सभेत नसले तरी त्यांच्या मनाच्या सभेत अनुमोदक होते. विवेक एकट्याने टिकतो हा आपला आवडता गैरसमज आहे.

म्हणूनच गर्दीविरुद्ध उभे राहणाऱ्याला दुसरी सभा शोधावी लागते. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर उत्सवांतल्या आवाजाविरुद्ध आणि रस्त्यांवरच्या मंडपांविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. ऑगस्ट २०१६ च्या निकालात न्यायालयाने ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अनिवार्य भाग नाही असे म्हटले. हा दोन प्रयोगकर्त्यांच्या प्रयोगाचाच प्रकार : एका अधिकाराच्या जागेवरून ‘चालू ठेवा’ येत होते, तिथे दुसरीवरून ‘थांबवा’ आले. फरक इतकाच की मिलग्रॅमच्या खोलीत दोन्ही अधिकारी समोरासमोर बसले होते आणि दोघांचा आवाज सारखाच ऐकू येत होता. इथे न्यायालयाचा आवाज कागदावर येतो, आदेशाची प्रत पोलीस ठाण्यात पोचते, आणि गोपाळकाल्याच्या दुपारी माइक मात्र एकाच्याच हातात असतो. उंचीची मर्यादा पाळा हे त्या माइकवरून, त्याच आयोजकाच्या तोंडून आले असते तर नऊ थरांची पथके चौथ्या थराला सलामी देऊन खाली उतरली असती. त्यासाठी ना पोलीस लागले असते, ना याचिका. आयोजकाने हे का म्हणावे, समोरच्या मैदानातली हंडी जास्त उंच असताना, हा प्रश्न उरतोच. एकाच शहरात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या मंचांनी मिळून तो सोडवायचा आहे, आणि त्यांच्यात पहिला बोलणारा विकर्ण ठरेल की नाही, हे दुसऱ्या मंचावर अवलंबून आहे.